रंगाचे दोन हात

आषाढातल्या एका दुपारी, तीन दिवसांच्या संततधारेनंतर बेळगावात तासाभराची उघडीप मिळाली आणि मी डेटॉलच्या वाटीतून एक अंतराळयान चिमट्याने बाहेर काढले. वाक्य विचित्र वाटले तरी घडले ते एवढेच. यान चार-साडेचार सेंटिमीटरचे, प्लास्टिकचे, टेबलावर मांडून खेळायच्या एका खेळातले. डेटॉल नेहमीचेच, औषधांच्या कपाटातले. घरभर दवाखान्याचा वास सुटल्यावर आईने स्वयंपाकघरातून "कुणाला लागलं रे?" असे विचारले, आणि "कुणाला नाही, रंग काढतोय" हे माझे उत्तर तिला पटले नसल्याचे तिच्या गप्प राहण्यावरूनच समजले.

'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या यानांचा एक्स-विंग नावाचा हा खेळ 2012 साली आला. त्यातली याने कारखान्यातून रंगवूनच येत, आणि बहुतेक 1:270 या प्रमाणात घडवलेली असत. म्हणजे गोष्टीत साडेबारा मीटर लांब असलेले यान आपल्या तळहातावर जेमतेम अंगठ्याएवढे उरते आणि आत बसलेल्या वैमानिकाचे डोके एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. रंगवून आलेली वस्तू पुन्हा रंगवायची कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्याशी वाद घालण्याचे मी सोडून दिले आहे. 2024 साली प्रकाशकांनी या खेळाची नवी निर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाने आपला संच मोडीत काढला आणि त्यातले हे एक यान माझ्या वाट्याला आले. त्याने ते सोनेरी रंगवले होते. सोनेरी रंगाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती जाडीला. एकाच हातात त्याने इतका रंग थापला होता की पंखांवरच्या बारीक खाचा, इंजिनांच्या तोंडाशी असलेल्या कडा, सगळे बुजून यान संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांतून सुटून आल्यासारखे दिसत होते.

जुना रंग काढण्याचे शास्त्र मी चुका करून शिकलो. पहिले यान थिनरमध्ये बुडवले, तेव्हा रंगाबरोबर पंखही मऊ पडला आणि शिळ्या पापडासारखा वळला. पुढचे डेटॉलमध्ये रात्रभर ठेवले, तिथवर ठीक होते. पण सकाळी घाईने ते नळाखाली धरले आणि सुटत आलेल्या रंगाचा असा चिकट लगदा झाला की तो यानावरून निघेना आणि बोटांवरूनही निघेना. आधी जुन्या टूथब्रशने कोऱ्या डेटॉलमध्येच घासायचे आणि रंग पुरता सुटल्यावर मगच साबण-पाण्याकडे वळायचे, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. त्या दुपारी सोनेरी थर सापाच्या कातीसारखा उतरला आणि खालचा कारखान्यातला राखाडी उघडा पडला. इंजिनाच्या एका खाचेत मात्र सोन्याचा कण राहिला, तो टाचणीनेही हलला नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी आजोबा काचेच्या तुकड्याने बैलांची शिंगे खरवडत, तेव्हा शिंगाच्या मुळाशी गेल्या साली लावलेला निळा असाच चिकटून राहिलेला असे, आणि बैलाचा धीर संपायच्या आत आजोबांचा धीर संपत असे.

जाड रंगाचा हा तिटकारा मात्र माझा स्वतःचा नाही, तो वारशाने आला आहे. बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती ते करीत आणि तीवरून मोल्डर वाळूत साचा उठवीत. ओतीव लोखंड निवताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करावा लागतो; त्यासाठी बाबांजवळ एक पोलादी पट्टी होती, जिचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा होता. सातवीत असताना मी ती पट्टी नकळत भूमितीच्या पेपराला नेली. दहा सेंटिमीटरची प्रत्येक रेघ 10.1 सेंटिमीटर भरली, सरांनी गुण कापले, आणि उत्तरपत्रिका पाहून बाबा एवढेच म्हणाले, "लोखंडात ओतलं असतं तर बरोबर आलं असतं की."

पॅटर्नवर रंग असे, आणि तो शोभेसाठी नसे. कुठली बाजू ओतल्यावर तशीच राहायची, कुठली पुढे लेथवर जायची, आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, कुठे बसायचा, हे सगळे तांबड्या, पिवळ्या आणि काळ्या रंगांत लिहिलेले असे. पॅटर्न शॉपमधले बहुतेक मराठी, मोल्डर बहुतेक कानडी, ड्रॉइंगवरची अक्षरे इंग्रजी. यांच्यामधला दुभाषी म्हणजे रंग. ते त्याला "बण्ण" म्हणत आणि हे "रंग" म्हणत, पण पिवळा पाहून थांबायचे कुठे, हे दोघांनाही एकसारखे कळे.

झिजलेले, तडकलेले पॅटर्न फाउंड्रीतून बंबासाठी जळण म्हणून घरी येत. त्यात एकदा कुठल्याशा व्हॉल्व्हचा अर्धा पॅटर्न आला. पोट फुगीर, तोंड निमुळते, आणि दोन्ही बाजूंना कोअर टेकवायच्या जागांचे, म्हणजे कोअर प्रिंटचे, काळे दांडके बाहेर आलेले. ज्याने आयुष्यात व्हॉल्व्ह पाहिलेला नाही अशा मुलाला ते अंतराळयानाखेरीज दुसरे काही वाटणे शक्यच नव्हते. (पुढे कधीतरी वाचले की माझ्या हातातल्या या यानाचे मूळ मॉडेल 1977 सालच्या चित्रपटासाठी घडवताना कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधले सुटे भाग त्यावर चिकटवले होते, तेव्हा मला त्या अनोळखी माणसांविषयी घरचे असल्यासारखा जिव्हाळा वाटला.) तांबडा रंग मला शत्रूचा वाटला, म्हणून खिडक्यांना लावून उरलेला निळा ऑइलपेंट मी त्यावर एका बैठकीत फासला. संध्याकाळी बाबांनी ते उचलले, अंगठ्याचे नख पोटावरून तोंडापर्यंत ओढत नेले, आणि नखाखाली जमलेला निळा ओघळ मला दाखवला.

"काय करूलालास हे? जाड हात दिलास की साईज बदलतंय. पातळ दोन हात द्यायचे, आणि मधे वाळू द्यायचं."

वाळूतच जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडी "वाळू द्यायचं" म्हणजे नेमके काय, याचा उलगडा व्हायला मला थोडा वेळ लागला. मग ते स्वतःच पालथी मांडी घालून बसले, पॉलिश पेपरने माझा निळा उतरवला, आणि जळणासाठी आणलेल्या त्या लाकडाला त्यांनी, दोन दिवसांच्या अंतराने, निळ्याचे दोन हात दिले. लाकडावरची वाळूच्या कणांची खूणसुद्धा त्यातून दिसत होती.

डिसेंबरातल्या एका पहाटे ते यान बंबात गेले. कुणी टाकले, हे आमच्या घरात आजतागायत निश्चित झालेले नाही. त्या दिवशी पहिली आंघोळ माझी होती आणि पाणी चांगले कढत होते.

आता माझ्याजवळ तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक टोकाचा, ब्रश आहे, आणि कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ओला स्पंज पसरून त्यावर बटर पेपर घातला की रंग दिवसभर न सुकता ठेवणारी पॅलेट तयार होते. बेळगावच्या कुंद्याचा याहून चांगला उपयोग फक्त खाणे हाच आहे. उघडिपीचा तास साधून मी गच्चीवर प्रायमर मारला. हवेत दमटपणा असला की फवारा पृष्ठभागावर पोचेपर्यंत रवाळ होतो, तसा तो थोडा झालाच, पण चालवून घेतले. मग पाण्यासारख्या पातळ निळ्याचा एक हात दिला, रात्रभर वाळू दिला आणि दुसरा दिला. खाचांमध्ये काळपट पाणी सोडले, ते आपोआप जिथे साचायचे तिथे साचले. जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर पांढुरका हात फिरवला. वैमानिकाच्या समोरची काच शेवटी ठेवली, कारण गणपतीचे डोळेही मूर्तिकार शेवटीच आखतात, आणि ती आखताना मी श्वास रोखून धरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खुर्ची खिडकीजवळ ओढून बसले होते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, तरी एखादी वस्तू पाहायची म्हणजे ती हातानेच, हे त्यांचे ठरलेले. हा खेळ काय आहे, तो कुणाशी खेळायचा, बेळगावात याला गडी कुठे मिळणार, यातले काहीही त्यांनी विचारले नाही. यान उजेडाकडे धरले, अंगठ्याचे नख पंखाच्या कडेवरून हळूच ओढले आणि ते मधेच अडकले. साच्याच्या दोन भागांचा जोड जिथे येतो, तिथे प्लास्टिकची केसाएवढी रेघ उभी राहिलेली होती. मी ती पाहिली होती. रंगाखाली बुजेल असे मला वाटले होते.

"पार्टिंग लाईन तशीच ठेवलीस की," बाबा म्हणाले आणि यान माझ्या हातात परत दिले.

डेटॉल वाटीत ओतले आणि ब्लेड शोधले. रेघ तासायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. पण बाहेर पावसाने पुन्हा फेर धरला होता, त्यामुळे प्रायमर आता पाऊस सरल्यावरच, म्हणजे बेळगावच्या हिशेबाने गणपती गेल्यानंतर.