तुम्ही विचारलंत म्हणून: कोअर दुप्पट, मग वेळ निम्मा का नाही?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना कास्टिंग सिम्युलेशनची मशीनं बसवून देणं हे माझं काम. साच्यात रस कसा भरतो, कुठं आकसतो, ते ओतण्याआधी कॉम्प्युटरवर बघायचं. मशीन सुरू झालं की आठवड्याभरात फोन येतोच: "पैसं दुप्पट मोजलं, कोअर दुप्पट झालं, मग येळ निम्मा का हुईना?"

प्रश्न रास्त आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले मोजणी करणारे हात; हात दुप्पट झाले की काम निम्म्या वेळात व्हावं, असं वाटणारच. पैसे तुमचे गेलेत.

आधी गुऱ्हाळावर चला. काहिली चार मांडल्या, चुलवाणावर माणसं वाढवली, पण पाक झाला की नाही हे सांगणारा गुळव्या एकच. तो एका काहिलीवर वाकलेला असेल तर बाकीच्या तिघी थांबणार. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९९६ साली २.० आवृत्तीत एकापेक्षा जास्त प्रोसेसरची सोय आली, तेव्हा अगदी असंच होतं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; त्यात एका वेळी एकाच प्रोसेसरनं शिरायचं, दाराला कुलूप एकच. नाव बिग कर्नल लॉक. दोन प्रोसेसरना ते खपून जायचं, सोळांना नाही.

ते कुलूप पुरतं निघायला २०११ उजाडलं, २.६.३९ आवृत्ती. पंधरा वर्षं लागली याचं लोकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) झोपली, म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबली, की ते लॉक आपोआप सुटायचं आणि जागी झाली की परत लागायचं. त्यामुळं कुठला ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा कोड) नक्की कशासाठी त्याच्या भरवशावर आहे, हे लिहिणाऱ्यालाही धड ठाऊक नसायचं. एकेक जागा वाचायची, तिथं छोटं, नेमकं लॉक घालायचं. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

लॉक बारीक केले तरी दुखणं उरतंच. साधा एक आकडा घ्या, सगळे कोअर तो वाढवतायत. तो ज्या ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (कोअरजवळच्या झटपट मेमरीतल्या एका तुकड्यात) बसलाय, ती लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे ओढली जात राहते. म्हणून कर्नल असे बरेच आकडे प्रत्येक सीपीयूपाशी (म्हणजे प्रत्येक कोअरपाशी) वेगळे ठेवतो आणि लागेल तेव्हा बेरीज करतो. ज्या याद्या वाचल्या फार जातात पण बदलतात क्वचित, त्यांच्यासाठी आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) ही पद्धत आहे: वाचणाऱ्यानं लॉक घ्यायचंच नाही; बदलणाऱ्यानं नवी प्रत तयार करून जागेवर ठेवायची आणि जुनी वाचणारे सगळे बाहेर पडले की मगच ती मोडीत काढायची. असल्या युक्त्यांच्या जोरावर आज इंटेल-एएमडीच्या मशीनसाठी हाच कर्नल ८१९२ सीपीयूंपर्यंत बांधता येतो.

पण खरं सांगू? तुमच्या सिम्युलेशनमध्ये घोडं बहुतेक वेळा कर्नलच्या लॉकवर अडत नाही. ते मेमरीवर अडतं.

मागं एका फाउंड्रीत दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेलं, नवंकोरं मशीन जुन्यापेक्षाही हळू चालत होतं. न्यूमाची माहिती, म्हणजे कुठल्या प्रोसेसरजवळ (नोडवर) किती मेमरी आहे ते, काढली, तर नोड ० वर सगळी मेमरी आणि नोड १ समोर लिहिलेलं: ० एमबी. झाकण उघडलं. पुरवठादारानं सगळ्या रॅमच्या पट्ट्या पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला खोचल्या होत्या, दुसऱ्याच्या बाजूचे स्लॉट मोकळे. दुसऱ्या प्रोसेसरचे सगळे कोअर प्रत्येक आकड्यासाठी शेजारच्या घरी जात होते. निम्म्या पट्ट्या हलवल्या.

तरीही पुरता फरक पडेना, कारण लिनक्स मेमरीचं पान सहसा त्या नोडवर देतो, जिथला कोअर त्या पानाला पहिल्यांदा हात लावतो. त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीचा सगळा डेटा एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा एक धागा) भरत होता. म्हणजे पट्ट्या दोन्हीकडं, डेटा मात्र पुन्हा एकीकडंच. जो थ्रेड पुढं जो भाग मोजणार, त्यानंच तो भरायचा, एवढा बदल त्यांच्या पोरानं केला, तेव्हा कुठं दुसरा प्रोसेसर कामाला लागला.

निम्मा वेळ तरीही झाला नाही. १९६७ साली जीन अॅमडाल यांनी मांडलेला हिशेब आडवा येतो: ५ टक्के काम एकामागून एकच होणारं असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग २० पटींपलीकडं जात नाही. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये शेवटी निकालाची फाइल एकच थ्रेड लिहितो. त्या भागाला आम्ही अजून हात घातलेला नाही.