रुपयावरचा रंग

गेल्या हिवाळ्यात इतवारीच्या सराफ्यातून मी पंचम जॉर्जचा १९१८ सालचा चांदीचा रुपया घेतला, तो केवळ त्याच्या रंगासाठी. कडेला निळा, आत जांभळट तांबूस आणि राजाच्या गालावर फिकट सोनेरी.

हवेतील किंवा जुन्या कागद-पुठ्ठ्यातील गंधकाची संयुगे चांदीला लागली की सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो, आणि तो जाड होत जाईल तसा आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा रंग दिसू लागतो. म्हणून मी प्रथम हा क्रम पाहतो. सोनेरीला खेटून एकदम गडद निळा आला आणि मधली जांभळी छटा नसेल, तर रंग कुणी मुद्दाम चढवला असावा अशी मनात शंका येते. त्यानंतर दिव्याखाली नाणे तिरपे फिरवतो, कारण नैसर्गिक रंगाखालून टांकसाळीची मूळ झळाळी बहुधा फिरताना दिसते.

पूर्वी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या व्हिक्टोरियाच्या रुपयावर मी फसलो. भिंगाखाली पाहिले तेव्हा निळा रंग घासल्याच्या बारीक रेघांच्या तळापर्यंत उतरलेला होता, म्हणजे नाणे आधी घासले गेले आणि रंग नंतर चढला. नाण्याला गंधकाचा उग्र वासही येत होता.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचे रुपये चिंच आणि राखेने घासून लख्ख करतात, हे पाहून मला फार वाईट वाटते. शंभर वर्षांत साचलेला थर तेवढ्यात निघून जातो.