एक सप्तमांश

आज भाचीला परिमेय संख्या, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येणाऱ्या संख्या, शिकवताना १ भागिले ७ हा भागाकार वहीत पूर्ण मांडायला लावला. ०.१४२८५७ आलं, पुढे परत १४२८५७.

"मामा, हे असंच चालू राहणार?"

म्हटलं, बाक्या बघ. ३, २, ६, ४, ५, १. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत, म्हणजे जुनी बाकी परत येणारच आणि तिच्यामागून तेच अंक! म्हणून परिमेय संख्येचं दशांश रूप एकतर संपतं, नाहीतर आवर्ती होतं. √२ चं तसं कधीच होत नाही.

मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतात, बाक्या दाखवत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

मग तिने आपणहून १ भागिले १३ घेतलं. बारा बाक्या येतील म्हणाली, आल्या सहाच. असं का, ते उद्या दोघं मिळून शोधणार आहोत.