थिबा राजाचे वंशज, चाळीस फेटे आणि आमचा ठराव

कॉलेजात असताना मी विद्यार्थी मंडळात होते, पण निवडून वगैरे आलेली नव्हे हां. 1994 च्या विद्यापीठ कायद्यापासून कॉलेजच्या निवडणुका बंदच होत्या, वर्गात जो पहिला तो सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी, वर एनसीसी, एनएसएस, खेळ, सांस्कृतिक यांचा एकेक आणि प्राचार्यांनी घेतलेल्या दोन मुली, झालं मंडळ. सगळी मार्कवाली मंडळी, नाही म्हणायची कोणाला सवयच नाही. माझं अक्षर बरं म्हणून प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्या गळ्यात.

डिसेंबर 2016. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, ज्याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, त्याला जाऊन शंभर वर्षं होत होती, त्याचे वंशज ब्रह्मदेशातून रत्नागिरीत समाधीवर येणार असं गावभर झालं होतं. सांस्कृतिकच्या सरांनी मीटिंगच्या आधीच सांगून टाकलं, चाळीस पोरं द्या, मुली नऊवारीत, मुलगे फेट्यात, लेझीम खेळायचं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं. ही चाळीस पोरं नक्की कोणी मागितली ते शेवटपर्यंत कळलं नाही. फेटेवाल्याला पाचशे रुपये ॲडव्हान्सही देऊन झाला होता, आणि मग आम्हाला विचारलं की मंडळाचं मत काय!

मीटिंग रीडिंग रूममध्ये, चार वाजता. वडापाव होते म्हणून कोरम झाला. सायन्सचा सीआर खेडचा, तो सुरुवातीलाच उखडला, आपल्याकडच्या राजांचे तनखे 1971 ला बंद केले आणि आता दुसऱ्यांच्या राजासाठी आपण उन्हात उभं राहायचं काय. हिस्ट्रीवाली म्हणाली, थिबा गादीवर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1879 ला, मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या सावत्र भावंडांची कत्तल झाली, ते पण भाषणात सांगणार का? सगळे गप्प. तेवढ्यात एनसीसीवाला, "अगो पण आता येतायत ते थोडेच तेव्हा मारायला गेलेले." जीएसने, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीने, मग टिळक इकडचे आणि तुरुंगात मंडालेला, थिबा मंडालेचा आणि कैदेत इकडे, हे सुरू केलं. रत्नागिरीत माईक हातात आला की प्रत्येक जण हेच बोलतो, इथे तर माईकही नव्हता.

खेडवाल्याने शेवटी प्रिन्स ऑफ वेल्स काढला. 17 नोव्हेंबर 1921 ला तो मुंबईत उतरला तेव्हा लोकांनी बहिष्कार घातला होता, मग आपण का नको. इथे मी पेन खाली ठेवलं. म्हटलं अरे, तो राज्य करणाऱ्यांचा राजपुत्र होता, आणि थिबाला त्याच राज्य करणाऱ्यांनी 1885 ला मंडालेहून उचलून बोटीत घातला, उदाहरण उलटं लागतंय. आपण थिबा पॅलेसला राजवाडा म्हणतो पण ते नजरकैदेचंच घर, तेही 1910 ला तयार झालं आणि 1916 ला माणूस गेला. त्याची थोरली मुलगी पुढे परत रत्नागिरीत येऊन राहिली, तिची लेक टूटू तर इथलीच होऊन गेली, आमची आजी सांगते की तिचं मराठी ऐकून कोणाला वाटलं नसतं ही ब्रह्मदेशच्या राजाची नात.

तर प्राचार्यांनी घेतलेल्या दोघींतली एक, वर्षभरात तोंड न उघडलेली, हळूच म्हणाली, "मग ते वर्षश्राद्धालाच येतायत ना? श्राद्धाला आलेल्या माणसांपुढे लेझीम कोण खेळतं?"

त्यानंतर मतदान म्हणजे फॉर्मॅलिटीच. सतराजणांत अकरा विरुद्ध चार, दोघं तटस्थ. ठराव असा की लेझीम आणि रांगेत मंडळ भाग घेणार नाही, ज्याला समाधीवर जायचं असेल त्याने आपलं आपण जावं आणि त्या दिवसाची हजेरी कापू नये. खरं सांगते, सगळ्यात जास्त वेळ त्या हजेरीच्या वाक्यावर गेला, "कापू नये" की "कापली जाऊ नये" यावर पंधरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला. "हे असं नको गं, 'सेमिस्टर परीक्षेमुळे सहभाग शक्य नाही' असं लिही."

"सर, परीक्षा नोव्हेंबरात संपली."

"ते कोण बघतंय?"

मी नुसती उभी राहिले, माझ्याने खोडवेना. शेवटी त्यांनीच लाल पेनाने "भाग घेणार नाही" वर काट मारून "घेण्यास असमर्थ आहे" केलं आणि सही केली. खाली आमच्या सतरा सह्या आधीच होत्या, त्यामुळे त्या पानावर दोन्ही वाक्यं दिसतात. परीक्षेचं मात्र राहिलं ते राहिलंच.

आम्ही सहाजणी पाहुणे परत गेल्यावर एका रविवारी शिवाजीनगरला समाधीवर जाऊन आलो, साध्या ड्रेसवर, शेवंती घेऊन. फेटेवाल्याने पाचशे काही परत दिले नाहीत, त्याबदल्यात गॅदरिंगला पाच फेटे फुकट बांधून दिले, त्यातला एक खेडवाल्याने दिवसभर मिरवला.