नाडी कानात कशी वाजते?

‘कानात नाडी ऐकू येते म्हणता, म्हणजे नेमकं काय होतं?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

रात्री उजव्या कुशीवर वळले की सुरू होतं. धप्, धप्. साधा कर्णनाद शिट्टीसारखा किंवा रातकिड्यासारखा सलग असतो, याला ताल आहे. मनगटावर बोटं ठेवली तर ठोक्याला ठोका जुळतो. जिना चढून आले की तालही चढतो.

आणखी एक आवाज होता, तो मी कितीतरी महिने कुणाला सांगितलाच नाही. डोळे इकडून तिकडे फिरवले की कानात खसखस व्हायची. बुबुळं ऐकू येतात, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

पहिल्या दोघा डॉक्टरांनी कान तपासले. मळ नाही, पडदा ठीक. ‘ताण कमी घ्या.’ तिसऱ्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटा, वाजवला आणि चक्क माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. ‘कुठे वाजतंय?’ म्हटलं, ‘उजव्या कानात.’ त्यांनी लगेच सीटी स्कॅन लिहून दिला, तोही एक मिलिमीटरहून पातळ कापांचा. काप जाड असले की पातळ हाडही भोकासारखं दिसतं म्हणे.

आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यातल्या वरच्या नलिकेवरचं हाड माझ्यात एका जागी नाही. हा विकार लॉइड मायनर या अमेरिकन कानतज्ज्ञांनी 1998 मध्ये पहिल्यांदा मांडला. आतल्या कानाला एरवी दोन खिडक्या: एकीतून आवाजाची लाट आत येते, दुसरीतून तिला वाट मिळते. हाडाचं भोक ही तिसरी खिडकी. तिच्या पलीकडे मेंदूचं आवरण, आणि तेही प्रत्येक ठोक्याला हलतं. तो धक्का कानातल्या द्रवाला लागतो. बाहेरच्या आवाजाचा जोर मात्र याच भोकातून थोडा गळतो. म्हणून माझ्या तपासणीत खर्जाचे आवाज हवेतून कमी ऐकू येत होते, आणि हाडातून मात्र नेहमीच्या माणसापेक्षाही जास्त. एकाच कानात बहिरेपण आणि चोंबडेपणा!

पण तुमच्या कानात ठोका असेल तर हेच असेल असं धरून चालू नका. पुष्कळदा मूळ रक्तवाहिन्यांत असतं: मानेतली धमनी अरुंद झालेली, कानामागच्या शिरेची भिंत पातळ, कवटीतला दाब वाढलेला. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी होतं. उलट, स्कॅनमध्ये भोक दिसूनही काहींना कसलाच त्रास नसतो. फक्त एकाच कानात, नाडीच्या तालावर आवाज येत असेल तर मात्र ‘मनाचे खेळ’ म्हणून गप्प बसू नका. सोबत डोकेदुखी किंवा दिसण्यात फरक असेल तर मुळीच नाही.

शस्त्रक्रिया आहे. भोक बुजवतात किंवा झाकतात. ऐकू येणं थोडं कमी होण्याची जोखीम असते, म्हणून मी अजून तयार झालेले नाही. तूर्त डाव्या कुशीवर झोपते.