रेघ शेवटी

परवा दुपारी जेवून लवंडलो होतो. टीव्हीवर कुठल्याशा कार्यक्रमाचं शीर्षक लागलं. कुंचल्याने लिहिल्यासारखं. आधी एक आडवी रेघ सर्रकन आली आणि मग तिच्याखाली अक्षरं एकेक करून लोंबायला लागली. डोळ्यावरची झोप उडाली.

शिरोरेषा आधी? आमच्या पहिलीच्या बाईंनी पाटीच पुसायला लावली असती.

मीही हीच कामं करतो, त्यामुळे हे कसं होतं ते ठाऊक आहे. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरला हाताने लिहिता येत नाही. फॉन्टमधलं अक्षर शेप करून, म्हणजे त्याची बाह्यरेषा काढून, रेघ हळूहळू उमटवणारा ट्रिम पाथ लावला, तर रेघ अक्षराच्या काठाकाठाने फिरते, पोटातून नाही. म्हणून अक्षराच्या मधोमध पेन टूलने नवा मार्ग आखायचा, जाड स्ट्रोक द्यायचा आणि तो मॅट म्हणून लावायचा, म्हणजे स्ट्रोक पोचेल तिथवरच अक्षर दिसतं. पहिला बिंदू ठेवाल तिथून कुंचला निघतो. 'क' उजवीकडून सुरू केलात तर 'क' उजवीकडून उमटेल, सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही. थेट ब्रशने, फराटा लिहिल्यासारखा उमटवणारं 'राइट ऑन' लावून रंगवावं तर तिथे वेगळीच गंमत. हात जसा चालला तसाच फराटा चालतो, दचकलात तर तोही दचकतो. पण एकाच फ्रेमवर उभं राहून पाच फराटे मारले की पाचही एकदमच धावत सुटतात. मग टाइमलाइनवर एकेकाची पट्टी पुढे सरकवत बसायचं.

रंगाचं तर विचारू नका. लाल, हिरवा, निळा अशा दर चॅनलला आठ बिट धरले तर १ कोटी ६७ लाखांवर रंग मिळतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "शालूचा आहे तोच घ्या." सोबत ट्यूबलाइटखाली काढलेला व्हॉट्सअ‍ॅप फोटो. रंग उचलणारा ड्रॉपर शालूवर टेकवला की हाती येतो चिखल. दोन बोटं बाजूला टेकवला की दुसरा चिखल. मग फोटो बंद करून आठवणीतला डाळिंबी लावतो. तो पसंत पडतो.

आमच्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटरकाका होते. त्यांच्याकडे ऑइलपेंटचे मोजके डबे: लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा. शाळेतून येताना मी तिथे रेंगाळायचो. करंगळी पाटीला टेकवून, श्वास रोखून ते वेलांटी फिरवायचे आणि कुंचला उचलताना मनगटाला हलकी गिरकी द्यायचे. ती गिरकी मला अजून कीफ्रेममध्ये, म्हणजे हालचालीच्या नेमून दिलेल्या टप्प्यांत, बसवता आलेली नाही. अक्षरं लाल, सावली पिवळी, कोपऱ्यात बारीक सही.

आता खरं सांगायचं तर काका खडूची पूड लावलेला दोरा ताणून आधी रेघच मारायचे. पण ती आखणी. रंगाची रेघ शेवटीच.

हे सगळं मी ऑफिसात तावातावाने सांगितलं, तर शेजारच्या टेबलावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, मोडीत तर आधी पानभर रेघ ओढायचे आणि मग खाली अक्षरं लिहायचे." तिने मोडीचा वर्ग केलाय. म्हणजे शेकडो वर्षं दफ्तरांची दफ्तरं तशीच भरली. रेघ आधी.

असेल. मला मोडीत शीर्षक करायला अजून कोणी सांगितलेलं नाही.