मारण्यापूर्वी ओळखायला हवेत असे कृमी

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, म्हणजे टँकमध्ये, लाइव्ह रॉक (जिवंत जीवांनी भरलेला समुद्री सच्छिद्र दगड) ठेवला की त्याच्या छिद्रांतून न बोलावलेले कितीतरी जीव घरात येतात. रात्री अचानक दिवा लावला, की एखाद्या फटीत गुलाबी, केसाळ शरीर झरकन आत ओढले जाताना दिसते. इथे इंग्लंडमध्ये हा छंद नव्याने सुरू केलेल्या मराठी मित्रमंडळींचा अशा वेळी पहिला प्रश्न असतो, ‘हे मारायचे कसे?’ माझ्या मते त्याआधी ‘हे आहे काय?’ असे विचारायला हवे, कारण घाईने टाकलेल्या औषधामुळे कृमींपेक्षा प्रवाळांचेच नुकसान अधिक होते. तांब्याची औषधे तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी अशा सर्वच अपृष्ठवंशीय जीवांना घातक असतात.

फटीत दिसणारा तो जीव बहुतेक वेळा साधा ब्रिसल वर्म असतो. उरलेले खाद्य, मेलेल्या गोगलगायी, माशांची विष्ठा यांवर तो जगतो आणि आपला हात पोहोचणार नाही अशा जागा स्वच्छ ठेवतो. सकाळी मेलेल्या माशावर हे कृमी जमलेले दिसले की त्यांनीच तो मारला असे वाटते. प्रत्यक्षात ते बहुधा नंतर आलेले असतात. त्यांची संख्या वाढत असेल तर टँकमध्ये गरजेपेक्षा जास्त खाद्य पडत आहे असे समजावे आणि आधी ते कमी करावे. तरीही काही काढायचेच असतील, तर कोळंबीचा तुकडा नायलॉनच्या जुन्या मोज्यात बांधून रात्री वाळूवर ठेवावा. त्यांचे केस विणीत अडकतात. उघड्या हाताने त्यांना कधीही धरू नये. ते केस ठिसूळ असतात, त्वचेत मोडून राहतात आणि आग होते. अशा वेळी जागा न चोळता चिकटपट्टी लावून ते अलगद उपटावेत.

कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रांतला हर्मोडिस हा फायरवर्म मात्र प्रवाळ खातो. दोन्ही बाजूंना दाट पांढरे झुबके, लालसर कल्ले आणि डोक्यावर घड्यांची मांसल गाठ दिसली, तर त्याला लांब चिमट्याने बाहेर काढावे.

खरी काळजी युनिसिड कुळातील मोठ्या कृमींची. डोक्यावर पाच स्पृशा, अंगावर इंद्रधनुषी झाक आणि भक्कम जबडे ही त्यांची ओळख. 2009 मध्ये कॉर्नवॉलमधील न्यूकी येथील ब्लू रीफ अॅक्वेरियममध्ये प्रवाळांची नासधूस होऊ लागली. शेवटी प्रदर्शनाच्या टँकमधले दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा असा कृमी सापडला. घरच्या टँकमध्येही हाच मार्ग मला सर्वांत खात्रीचा वाटतो. लाल प्रकाशाच्या विजेरीने, कारण तो या जीवांना फारसा जाणवत नाही, काही रात्री लक्ष ठेवून नेमके बीळ शोधावे आणि तो दगड उचलून वेगळ्या बादलीत न्यावा. कृमी अर्धवट ओढून तोडू नये. दगडात राहिलेला भाग पुन्हा वाढू शकतो.

दगडावरच्या बारीक पांढऱ्या वेटोळ्या नळ्या, पिसारा फुलवणारे फेदर डस्टर आणि धाग्यांसारखे हात पसरणारे स्पॅगेटी वर्म निरुपद्रवी आहेत. त्यांना राहू द्यावे. वर्मेटिड ही नळीत राहणारी गोगलगाय कृमीसारखी दिसते. तिच्या चिकट जाळ्याचा प्रवाळांना त्रास होतो, म्हणून नळीचे तोंड सुपर ग्लूने बंद करावे.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे मालवणच्या समुद्रातून प्रवाळ काढून आणणे हा गुन्हा आहे. लाइव्ह रॉकऐवजी कोरडा दगड वापरला तरी गोगलगायी आणि शेवाळ यांच्यासोबत कृमी येतातच, तेव्हा वरील ओळख तिथेही उपयोगी पडेल.

तपकिरी-लाल रंगाचे, काही मिलिमीटर लांबीचे, शेपटीकडे तीन टोके असलेले चपटे जीव काचेवर दिसू लागले, तर ते कन्व्होल्युट्रिलोबा असण्याची शक्यता मोठी. ते प्रवाळांवर थर धरून प्रकाश अडवतात. औषधाने ते मरतात, पण एकदम मेले तर त्यांच्या शरीरातील विष पाण्यात मिसळते आणि मासे दगावतात. म्हणून आधी बारीक नळीने सायफन करून जमतील तितके काढावेत, मगच औषध द्यावे आणि लगेच विष शोषून घेणारा भरपूर ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन लावून बरेचसे पाणी बदलावे.

अॅक्रोपोरा हा फांद्यांचा दगडी प्रवाळ खाणारे चपटे कृमी याहून कठीण असतात. प्रवाळाच्याच रंगात मिसळून गेल्याने ते दिसत नाहीत. दिसतात ते फक्त त्यांच्या चाव्यांचे फिकट गोल डाग. प्रवाळ औषधी पाण्यात बुडवल्यावर मोठे कृमी सुटून पडतात, अंडी मात्र वाचतात. फांदीच्या बुंध्याशी उघड्या सांगाड्यावर चिकटलेली ही अंडी खरवडून काढावी लागतात. त्यामुळे नवा अॅक्रोपोरा मुख्य टँकमध्ये सोडण्यापूर्वी मी त्याचा बुंधा तोडून टाकतो आणि काही आठवडे त्याला वेगळ्या टँकमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा बुडवून तपासतो.